परदेशी दत्तक देताना

तीन वर्षांपूर्वीची वैशाखातील दुपार. खंडाळा तालुक्यातील एका गावी, महामार्गापासून थोड्या आत असलेल्या घराच्या पडवीत सतरंज्या अंथरल्या होत्या. घर आपल्याच समाजातले, दोन पिढ्यांची किराणा-भुसाराची दुकानदारी असलेले. घरातील वडील मंडळींना सारे आप्पा म्हणतात, म्हणून मीही येथे आप्पाच म्हणतो. गावाचे व घराण्याचे नाव मुद्दाम देत नाही. नोकरीची शेवटची काही वर्षे मी याच तालुक्यात काढली. आप्पांचे कॅश क्रेडिट खाते माझ्याच टेबलावर असे, आणि निवृत्तीनंतरही तो स्नेह टिकून राहिला.

आप्पांचे धाकटे चिरंजीव अमेरिकेत अभियंता आहेत आणि तेथील नागरिकही झालेले आहेत. लग्नाला बारा वर्षे झाली, अपत्य नाही. थोरले चिरंजीव दुकान पाहतात. त्यांना दोन मुलगे. त्यातील धाकटा, तीन वर्षांचा, काकाला दत्तक द्यायचा असे ठरले. त्या दुपारी थोरल्या सुनेच्या मांडीवरून मूल उचलून धाकट्या सुनेच्या मांडीवर ठेवले गेले. णमोकार मंत्र झाला, पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दत्तकपत्राची नोंदणी झाली. त्या दस्तावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

सहीपूर्वी आप्पांनी मला विचारले होते, “साहेब, यासाठी कोर्टात जावे लागेल काय?” मी ठामपणे सांगितले, “मुळीच नाही.” माझ्यापाशी आधारही होता. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा जैनांनाही लागू आहे. पंधरा वर्षांखालील अविवाहित मूल, देणाऱ्या आईबापांची संमती, घेणाऱ्या पतिपत्नींची संमती, घेणाऱ्याला हयात मुलगा वा नातू नसणे आणि मुलाची प्रत्यक्ष देवघेव एवढे झाले की दत्तक पुरे होते. होमहवनाची सक्ती नाही. दस्त नोंदविलेला असेल तर दत्तक कायदेशीर झाले असे न्यायालय गृहीत धरते. आणि एकदा विधिवत झालेले दत्तक रद्द करता येत नाही. वारसाहक्काची प्रकरणे तपासताना हे सारे मी अनेकदा वाचले होते.

हे सर्व बरोबरच होते. परंतु ते देशाच्या हद्दीपुरते बरोबर होते, हे मला ठाऊक नव्हते.

दोन महिन्यांनी धाकट्या चिरंजीवांचा दूरध्वनी आला. मुलाच्या व्हिसाची चौकशी करता तेथील वकिलांनी त्यांना एकच प्रश्न विचारला होता : “दत्तक घेण्याआधी दोन्ही देशांची संमती घेतली होती का?” ती घेतलेली नव्हती. घ्यावी लागते हेच आम्हां कुणाला माहीत नव्हते, आणि ज्याला माहीत असायला हवे होते त्या माझ्यासारख्याने तर निर्धास्तपणे सही ठोकली होती. बँकेच्या भाषेत बोलायचे तर कर्जाची मंजुरी येण्यापूर्वीच आम्ही रक्कम वाटून मोकळे झालो होतो. अशा प्रकारासाठी मी स्वतः कनिष्ठ सहकाऱ्यांना कारणे दाखवा नोटिसा दिलेल्या आहेत.

त्यानंतर मी हा विषय मुळापासून वाचून काढला. या लेखाचे निमित्त तेच. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांची मुले आज अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात आहेत आणि ‘घरातलेच मूल घरात देऊ’ हा विचार आपल्याकडे सहज होतो. म्हणून हे लिहिले पाहिजे असे वाटले.

दत्तक ही गोष्ट सातारा जिल्ह्याला काही नवी नाही. साताऱ्याचे छत्रपती शहाजीराजे उर्फ आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी शास्त्राप्रमाणे दत्तक घेतला होता. पण सार्वभौम सत्तेची पूर्वसंमती नाही या सबबीवर लॉर्ड डलहौसीने तो गादीचा वारस म्हणून मानला नाही, आणि साताऱ्याचे राज्य खालसा झाले. त्या धोरणाचा पहिला बळी साताराच. शाळेत हा इतिहास आम्ही संतापाने शिकलो. आज मागे वळून पाहता एक गोष्ट ध्यानात येते, की त्या साऱ्या वादात दत्तक मुलाविषयी कुणी काही बोलत नव्हते. वाद गादीचा होता.

आपल्या समाजातील जुने खटलेही असेच मालमत्तेचे आहेत. १८७८ साली प्रिव्ही कौन्सिलने शिवसिंह राय विरुद्ध दाखो या उत्तर हिंदुस्थानातील प्रकरणात जैनांची रूढी मान्य केली : निपुत्रिक जैन विधवेला पतीच्या परवानगीवाचून दत्तक घेता येतो, आणि मुलीचा मुलगाही घेता येतो. श्राद्ध-पिंडाची कल्पना आपल्यात नसल्याने दत्तकाला धार्मिक विधीचे रूप नाही, तो लौकिक व्यवहार आहे, अशी ती भूमिका होती. त्या काळाच्या मानाने हा निकाल स्त्रियांना मोठा आधार देणारा होता यात शंका नाही. पण येथेही प्रश्न ‘घराला वारस कोण’ हाच होता. ‘मुलाला घर कोणते’ हा प्रश्न निराळा आहे, आणि तो विचारणारी माणसे आपल्याकडे फार थोडी झाली.

त्यांतील एक आमच्या तालुक्यातली आहे. शिरवळजवळचे नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव, खंडाळा तालुक्यात मोडते. दर ३ जानेवारीला तेथे मोठी गर्दी होते. शाखेतील आम्ही काहीजण एकदा त्या दिवशी गेलो होतो; त्यांचे शिक्षणाचे कार्य तेथे सर्वांच्या तोंडी असते, दत्तकाचे क्वचितच. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तेथे गुपचूप बाळंत व्हावे, हवे तर मूल ठेवून जावे, अशी व्यवस्था होती. तेथेच काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा या दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतला. तोच यशवंत. ना जातीचा, ना भावकीचा. जोतीरावांनी १८८७ च्या मृत्युपत्रात त्याला वारस केले. तरीही १८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत यशवंताने टिटवे धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. पुढे यशवंत डॉक्टर झाले. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ त्यांनी रुग्णांसाठी दवाखाना चालविला, आणि तेथे रुग्णांची सेवा करतानाच १० मार्च रोजी सावित्रीबाई प्लेगाने गेल्या. मृत्युपत्राचा कागद चोख होता, पण भावकीने तो मानला नाही. आमच्या आप्पांच्या घरी नेमके उलटे झाले. भावकीने सारे मानले आणि कागद अपुरा पडला.

परदेशी जाणाऱ्या मुलांसंबंधी आपल्या देशात कित्येक वर्षे स्वतंत्र कायदाच नव्हता. परदेशी दांपत्य १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली येथील न्यायालयाकडून पालकत्व घेई, मूल आपल्या देशी नेई आणि तेथे दत्तक विधान करी. मधल्या काळात ते मूल कायद्याने कुणाचेच नसे. तिकडे गेल्यावर दत्तक झालेच नाही, तर विचारणारे कुणी नव्हते. १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. परदेशी दत्तकाच्या नावाखाली लहान मुलांना जीवघेणा प्रवास घडतो, आणि पोहोचल्यावर त्यांतील काहींच्या वाट्याला भीक किंवा वेश्याव्यवसाय येतो, असा त्यांचा आरोप होता. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी दिलेला निकाल मी आता पुष्कळ वेळा वाचला आहे. तो निकालापेक्षा नियमावलीसारखाच वाटतो. मुलासाठी आधी देशातच घर शोधावे. न मिळाल्यासच बाहेर पाठवावे. परदेशी दांपत्याने थेट अर्ज करू नये, मान्यताप्राप्त संस्थेमार्फत करावा. त्यांच्या घराची, उत्पन्नाची, स्वभावाची पाहणी होऊन अहवाल यावा. आणि मूल सोपविणाऱ्या आईबापांना फेरविचारासाठी सुमारे तीन महिन्यांचा अवधी असावा.

या निकालाच्या पायावर १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संसाधन यंत्रणा, म्हणजे ‘कारा’, उभी राहिली. २९ मे १९९३ रोजी हेग येथे आंतरदेशीय दत्तकासंबंधीचा करार झाला. भारताने तो २००३ मध्ये स्वीकारला. अमेरिकेत तो २००८ पासून लागू आहे. मूल ज्या देशात जायचे तेथील यंत्रणेने आधी सांगायचे की हे दांपत्य योग्य आहे आणि या मुलाला आमच्याकडे कायम राहता येईल. मग ज्या देशातून मूल जायचे तेथील यंत्रणेने सांगायचे की संमती मोकळेपणाने, पैशाच्या लोभाविना दिली गेली आहे. दोघांचा होकार जुळल्यावरच दत्तक पुढे न्यायचे. आम्ही शेवटचे पाऊल पहिले टाकले होते ते असे.

करारातील तिसावे कलम मला विशेष महत्त्वाचे वाटते. मुलाचे मूळ, त्याच्या आईबापांची ओळख आणि घराण्याचा आजारपणाचा इतिहास ही माहिती सरकारांनी जपून ठेवावी, आणि कायद्यात बसेल तेथे मुलाला ती पाहू द्यावी, असे ते कलम सांगते. बँकेत आम्ही जुनी व्हाऊचरे ठरावीक वर्षांनी नष्ट करीत असू. या फायलींना तसे करून चालत नाही, कारण त्यांचा खातेदार वीस-पंचवीस वर्षांनी येतो.

असे खातेदार येतात, हे पुण्याने पाहिले आहे. ऑस्ट्रेलियाची क्रिकेटपटू लिसा स्थळेकर हिचे नाव अनेकांना माहीत असेल. १३ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्यात जन्मलेली ही मुलगी ससून रुग्णालयाच्या आवारातील ‘श्रीवत्स’ या बालसंगोपन केंद्रात होती. मूळचे मुंबईचे हरेन स्थळेकर आणि त्यांच्या इंग्रज पत्नी स्यू हे परदेशस्थ दांपत्य. त्यांना एक दत्तक मुलगी आधीच होती आणि आता मुलगा हवा होता. त्यांनी नेली ती अवघ्या तीन आठवड्यांची ही मुलगी. अमेरिका, केनिया असे करीत कुटुंब सिडनीला स्थिरावले. अंगणात वडिलांनी हिच्या हाती बॅट दिली. पुढे तिने ऑस्ट्रेलियाचे नेतृत्व केले. एकदिवसीय सामन्यांत १००० धावा आणि १०० बळी अशी दुहेरी कामगिरी करणारी ती पहिली महिला ठरली. १७ फेब्रुवारी २०१३ रोजी मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना जिंकून तिने निवृत्ती पत्करली. तिचा गौरव आपण सारे करतो, पण मला जास्त मोलाची वाटते ती वेगळी गोष्ट : आपण कुठून आलो हे तिला लहानपणापासून ठाऊक होते, आणि मोठेपणी तिला ‘श्रीवत्स’मध्ये येऊन ती जागा पाहता आली.

सर्वांच्या नशिबी असे नसते. १९७३ मध्ये पुण्यातील एका संस्थेतून जर्मनीत गेलेल्या एका मुलाला मोठेपणी आपल्याच जन्माची फाईल पाहण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडावे लागले. आई सापडली तोवर २०१० साल उजाडले होते. आजच्या नियमांत अशा शोधासाठी तरतूद आहे. अठरा वर्षांवरील दत्तक व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, त्याखालील मुले दत्तक पालकांसह करू शकतात. मात्र जन्मदात्यांचा खाजगीपणाचा हक्कही सांभाळला जातो. कुमारी मातेने विश्वासाने सोपविलेले मूल पंचवीस वर्षांनी दारात उभे राहिले तर तिचे काय होईल, हाही प्रश्न खरा आहे. दोन्ही बाजू पाहता येथे सोपे उत्तर मला तरी दिसत नाही.

सध्याचा कायदा २०१५ चा, बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारी, देतात. २०२२-२३ या वर्षात या कायद्याखाली देशातल्या देशात ३,०१० मुले दत्तक गेली आणि परदेशी ४३१. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मुलामागे दांपत्याकडून संस्थेला द्यावयाची रक्कमही नियमाने ठरलेली आहे, पाच हजार डॉलर. त्याबाहेर कुणी काही मागितले तर तो गुन्ह्याचा प्रकार समजावा. अनिवासी भारतीयांना संस्थेतील मूल घेताना देशातील दांपत्याइतकाच क्रम मिळतो. मूल पोहोचल्यावरही दोन वर्षे तिकडून प्रगतीचे अहवाल येत राहतात. उलट दिशेने, भारतीय नागरिकाने परदेशातील मूल घ्यायचे झाल्यास दत्तकाची औपचारिकता त्या देशात पूर्ण होते, ‘कारा’ची मान्यता लागते, आणि त्या मुलाला भारतात येण्यासाठी व्हिसा लागतो. असे प्रकार फार थोडे.

आता नातलगांसंबंधी, कारण आपल्या वाचकांना लागणारा भाग हाच आहे. बाल न्याय कायद्यात काका, मामा, आत्या, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा हे मुलाचे नातलग धरले आहेत. परदेशात राहणाऱ्या अशा नातलगाला येथील मूल दत्तक घ्यायचे असेल तर साठाव्या कलमाप्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणि ‘कारा’चे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. आरंभ तिकडून करायचा : ज्या देशात राहतात तेथील अधिकृत संस्थेकडून गृहपाहणी, मग तेथील यंत्रणेची शिफारस, मग इकडे जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून मुलाच्या घराची चौकशी, आणि सगळ्यात शेवटी आदेश. मूल पाच वर्षांवरील असेल तर त्याचीही संमती विचारली जाते. वैध आदेशावाचून मूल परदेशी नेणे किंवा त्या कामी साह्य करणे यास तीन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, सांगितलेले आहे. हे वाचताना माझ्या साक्षीदाराच्या सहीची मला आठवण झाली. मूल नेले गेले नाही म्हणून निभावले.

हिंदू दत्तक कायद्याखाली आधीच दस्त झालेल्यांचे काय, हा घोळ बरीच वर्षे होता. सप्टेंबर २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन मार्ग निघाला. जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी पडताळणी करावी, घेणाऱ्या देशाची संमती यावी, मग ‘कारा’ने ना-हरकत द्यावी. आप्पांचे प्रकरण याच मार्गाने चालले आहे. तिकडची गृहपाहणी मात्र उशिरा सुरू झाली, आणि ‘आधी दत्तक का घेतले?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक टप्प्यावर नव्याने द्यावे लागते.

दरम्यानच्या काळात घरात जे झाले आहे ते कायद्याच्या पुस्तकात दिसत नाही. दस्त वैध आहे, तो रद्द होत नाही. म्हणजे कायद्याने हा मुलगा काकाचा झाला. आणि तो राहतो येथे, आईच्या कुशीत, जी कागदावर आता त्याची काकू आहे. त्याच्या नावाचे बँकेत खाते काढायला गेले तर पालक म्हणून सही कुणी करायची? शाळेत घालताना वडिलांचे नाव कोणते सांगायचे? मुख्याध्यापिकांनी दस्त पाहिला आणि रीतसर काकाचे नाव नोंदविले. त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केले असते.

गेल्या वर्षी चौकशीसाठी जिल्ह्याच्या कक्षातून एक तरुण अधिकारी बाई आल्या. त्यांनी घर पाहिले, कागद पाहिले, आप्पांशी बोलल्या. नंतर थोरल्या सुनेला म्हणाल्या, “तुम्ही जरा माझ्याबरोबर आत या. बाकीचे बाहेरच थांबा.” अर्धा तास त्या दोघी आत होत्या. आप्पा अस्वस्थ होऊन येरझारा घालत होते. मी त्यांना म्हणालो, “बँकेतही जामीनदाराला आम्ही एकट्याला बसवून विचारतो, आप्पा. कर्जदारासमोर माणूस खरे बोलत नाही.”

काही दिवसांनी मी दुकानावर गेलो असता सूनबाई गल्ल्यावर होत्या. आपणहून म्हणाल्या, “काका, त्या मॅडमनी मला वेगळं बसवून विचारलं. त्या दुपारी कुणी विचारलंच नव्हतं. मी नाही म्हटलं नाही, हे खरं. पण हो कधी म्हटलं, ते काही केल्या आठवत नाही.”

मी काय बोलणार? दस्तावर त्यांची सही माझ्या डोळ्यांदेखत झाली होती. जुन्या सवयीने मी सही नमुन्याशी जुळते का एवढेच पाहिले होते. संस्थेत मूल सोपविणाऱ्या अनोळखी स्त्रीला आजचा कायदा फेरविचारासाठी दोन महिने देतो. आमच्या घरातल्या सुनेला आम्ही भरल्या पडवीतली एक दुपार दिली.

त्यांनी अधिकारी बाईंना नकार दिला, असे मात्र नाही. “जाऊ दे त्याला, तिथं चांगलं होईल त्याचं,” असेच त्या म्हणाल्या. अट एकच घातली : त्याला जन्म देणारी आई मी आहे हे त्याच्यापासून लपवायचे नाही. ही अट टिपून घेतली गेली. दूरध्वनीवर धाकट्या चिरंजीवांनी तत्काळ मान्य केली. धाकट्या जावेला मात्र ती लागली. “म्हणजे मी नेहमी दुसरीच,” असे ती म्हणाल्याचे कळले. बारा वर्षे जिने वाट पाहिली, जिच्या मांडीवर ते मूल एका दुपारी ठेवले आणि पुन्हा काढून घेतले गेले, तिचे दुःखही मला समजते. गेल्या दिवाळीत ती आली होती. दोघी जावा स्वयंपाकघरात करंज्या करीत बसल्या होत्या आणि मुलगा दोघींमध्ये सारण खात होता. आत काय बोलणे झाले मला ठाऊक नाही. पण जाताना तिने मुलाच्या बाळपणीच्या फोटोंचा एक संच मागून नेला, आणि थोरलीने तो स्वतः निवडून दिला.

मुलगा आता सहा वर्षांचा आहे. त्यालाही विचारण्यात आले. “काकांकडे अमेरिकेला जाशील का?” यावर तो म्हणाला, “आई येणार असेल तर जाईन.” अधिकारी बाईंनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. त्याचा अर्थ काय लावायचा हे आता जिल्हाधिकाऱ्यांनी, ‘कारा’ने आणि तिकडच्या यंत्रणेने ठरवायचे आहे.

आप्पा अजूनही मला भेटले की विचारतात, “साहेब, फाईल कुठवर आली?” पूर्वी कर्जाच्या फायलीबद्दल ते हाच प्रश्न विचारीत आणि मी तारीख सांगत असे. आता सांगता येत नाही. पण ही फाईल लवकर पुढे सरकावी असे मी आता म्हणत नाही. ती नीट वाचली जावी, असे म्हणतो. आपल्यापैकी कुणाच्या घरी असा विचार चालला असेल तर पेढे आणण्यापूर्वी एकदा साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन यावे, परदेशातील मुलाला तेथील अधिकृत दत्तक संस्थेकडे आधी नाव नोंदवायला सांगावे, आणि ज्या सुनेच्या मांडीवरून मूल उचलायचे तिला सासऱ्यांनी नव्हे, तर घराबाहेरच्या कुणी शांतपणे, एकटीला विचारावे. माझ्यासारख्या ओळखीच्या निवृत्त साहेबांच्या सल्ल्यावर अवलंबून राहू नये.

परवा दुकानावर साखर घ्यायला गेलो तेव्हा तो फळीवर बसून गृहपाठ करीत होता. मी वही पाहायला मागितली. पहिल्या पानावर त्याने स्वतःचे पूर्ण नाव लिहिले होते. मधले नाव दुकानात बसणाऱ्या बापाचे. बाईंनी ते लाल शाईने खोडून वर रजिस्टरातले, काकाचे, नाव लिहिले होते. लाल रेघ बारीक होती. दोन्ही नावे वाचता येत होती.